खेळातला इन्साफ आणि मालकाची तिजोरी

१८ मे २०१९ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर मँचेस्टर सिटीने एफए कपच्या अंतिम सामन्यात वॉटफर्डचा ६-० असा धुव्वा उडवला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एवढ्या फरकाचा विजय त्याआधी एकदाच नोंदवला गेला होता, १९०३ मध्ये. तेव्हा डर्बी काउंटीला ६-० ने हरवणाऱ्या संघाचं नाव होतं बरी. हे बरी शहर मँचेस्टरच्या उत्तरेला, त्याच महानगर परिसरात आहे. सिटीने त्याच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि त्यानंतर १०१ दिवसांनी, २७ ऑगस्ट २०१९ला, बरी क्लबला इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आलं.

१८८५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब मैदानावर हरला नव्हता. उलट त्याच वर्षी तो वरच्या श्रेणीत गेला होता. पण खेळाडूंचे पगार थकले होते. डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला क्लब विकत घेणारा मालक पुढचा हंगाम चालवायला पैसे कुठून आणणार, याचा समाधानकारक पुरावा लीगला देऊ शकला नाही. एका शहरात एका मालकाच्या पैशाने क्लब युरोपच्या शिखरावर चालला होता आणि शेजारच्या शहरात दुसऱ्या मालकाच्या कफल्लकपणाने १३४ वर्षांची संस्था बंद पडत होती. दोन्हीकडे प्रेक्षकांना विचारणारं कुणी नव्हतं.

व्यावसायिक फुटबॉलमधल्या आर्थिक शिस्तीच्या नियमांची चर्चा आपल्याकडे आता वर्गातल्या पोरांपर्यंत पोहोचली आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, पण मधल्या सुट्टीत मला व्याकरणापेक्षा ‘सर, सिटीचे गुण कापणार का?’ हा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो. पोरं दोन गटांत वाटलेली असतात. एक गट म्हणतो, शेखांनी पैशाच्या जोरावर खेळ विकत घेतला. दुसरा म्हणतो, आपल्या लोकांच्या हातात पैसा आला म्हणून गोऱ्यांच्या पोटात दुखतंय. माझ्या मते दोन्ही गट चुकीच्या जागी बोट ठेवतात. मालक कोण आणि कुठला, हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायला हवं ते हे, की ‘निष्पक्षता’ हे नाव घेऊन आलेले नियम नेमकं कुणाचं रक्षण करतात.

नियम आले कुठून?

मालकाने स्वतःच्या खिशातून क्लब मोठा करणं ही आखाती देशांची देणगी नाही. १९९५ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने प्रीमियर लीग जिंकली ती जॅक वॉकर या त्याच गावच्या पोलाद व्यावसायिकाच्या पैशावर. तेव्हा ती एका भूमिपुत्राची प्रेमकहाणी म्हणून सांगितली गेली. २००३ मध्ये रशियाचा रोमन अब्रामोविच चेल्सीत आला आणि चित्र बदललं. दोन वर्षांत चेल्सी विजेता. १ सप्टेंबर २००८ला अबू धाबीच्या राजघराण्यातले शेख मन्सूर यांच्या कंपनीने मँचेस्टर सिटी घेण्याचा करार जाहीर केला आणि त्याच दिवशी रॉबिन्होला ३ कोटी २५ लाख पौंडांना उचललं. १९६८ नंतर लीग न जिंकलेला हा क्लब २०१२ मध्ये विजेता झाला.

याच काळात दुसऱ्या बाजूला क्लब कोसळतही होते. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. त्या एका हंगामात त्याचे चार मालक झाले. २०१३ पर्यंत तो चौथ्या श्रेणीत घसरला होता. शेवटी त्याला वाचवलं ते चाहत्यांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या ट्रस्टने. युरोपातल्या अव्वल श्रेणीतल्या क्लबांचा एकत्रित तोटा २०११ मध्ये सुमारे १७० कोटी युरो होता.

त्यामुळे मिशेल प्लाटिनी अध्यक्ष असताना युएफाने आणलेल्या ‘फायनान्शियल फेअर प्ले’ला ठोस कारण होतं, हे मान्य करायला हवं. २००९ मध्ये कल्पना मंजूर झाली, २०११ पासून अंमल सुरू झाला. सूत्र सोपं होतं: जेवढं कमवाल साधारण तेवढंच खर्च करा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही २०१३ मध्ये स्वतःचे नियम केले. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा चालेल, तोही मालकाने भांडवल घालून भरून काढला तर. मैदान, महिला संघ आणि लहान मुलांचं प्रशिक्षण यांवरचा खर्च यातून वगळला. कागदावर सगळं शहाणपणाचं दिसतं.

अंथरूण पाहून पाय पसरा. पण अंथरूण दिलं कुणी?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. गरिबाला दिला जाणारा हा सर्वात जुना सल्ला आहे आणि तो चुकीचा नाही. पण सल्ल्याचा कायदा केला की त्याचा अर्थ बदलतो. ज्याचं अंथरूण लांब त्याने पाय पसरावेत आणि ज्याचं आखूड त्याने कायम गुडघे पोटाशी घेऊन झोपावं, असा तो कायदा होतो.

साधा हिशेब करू. युएफाच्या २०२२च्या सुधारित नियमानुसार क्लबने खेळाडूंचे पगार, त्यांची खरेदी आणि दलालांची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपर्यंतच खर्च करायचा. ही मर्यादा ९०, ८० आणि मग २०२५-२६ पासून ७० अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली. आता एका क्लबचं उत्पन्न ७० कोटी आहे आणि दुसऱ्याचं १५ कोटी. पहिला ४९ कोटी खर्च करू शकतो, दुसरा साडेदहा कोटी. दोघांनाही नियम एकच. दोघांनीही तो पाळला, तरी दरवर्षी पहिला साडेअडतीस कोटींनी पुढे राहणार. जिंकणार, जिंकल्यामुळे टीव्हीचा पैसा आणि जाहिरातदार मिळणार, उत्पन्न वाढणार आणि पुढच्या वर्षी तो आणखी पुढे जाणार.

समजा मी वर्गात नियम केला की प्रत्येकाने बापाच्या कमाईच्या ठरावीक टक्के एवढीच पुस्तकं विकत घ्यायची, आणि वर फळ्यावर लिहिलं ‘समान संधी’. तर पालक मला शाळेच्या दारात उभं करणार नाहीत. युरोपच्या फुटबॉलने मात्र ही समान संधी मान्य केली आहे, कारण जुन्या श्रीमंतांना ती सोयीची आहे.

रियल माद्रिद, बायर्न म्युनिक, मँचेस्टर युनायटेड यांची कमाई मोठी आहे ती अनेक दशकांच्या यशामुळे. ते त्यांचं कर्तृत्व आहेच. पण ते यश मिळवताना त्यांच्यावर असली मर्यादा नव्हती. आपण माडीवर चढलो की जिना काढून घ्यायचा आणि खालच्यांना सांगायचं, कष्टाने वर या. हा प्रकार जगाला नवा नाही.

यातली खरी विसंगती मँचेस्टर युनायटेडच्या उदाहरणात दिसते. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला गेला. म्हणजे घर विकत घेतलं आणि हप्ते घराच्या भाड्यातून, भाडेकरूंच्या खिशातून. चाहते तिकीट काढत राहिले आणि व्याज फिटत राहिलं. हे सगळं नियमात बसलं. मालकाने स्वतःचा पैसा क्लबमध्ये घातला तर तपासणी, आणि क्लबचा पैसा मालकाच्या कर्जासाठी बाहेर गेला तर चालतं? ज्या शिस्तीला हा फरक दिसत नाही, तिच्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकलेला बरा.

शिक्षा कुणाला, मुदत कुणाला

एव्हर्टन हा लिव्हरपूलचा जुना क्लब. त्याचा तीन वर्षांचा तोटा मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख पौंडांनी जास्त भरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले, आणि पुढच्या हिशेबासाठी एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ कापले. एका हंगामात दोनदा शिक्षा. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मार्च २०२४ मध्ये ४ गुण गेले. फॉरेस्टची बाजू ऐकण्यासारखी आहे. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, क्लबच्याच अकादमीत घडलेला खेळाडू होता. ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपण्याआधी तो कमी भावात विकला असता तर आकडे जुळले असते. त्यांनी थांबून १ सप्टेंबरला तो टॉटनहॅमला सुमारे पावणेपाच कोटी पौंडांना विकला. जास्त किंमत मिळवणं हे शहाणपण, पण दोन महिने उशीर हा गुन्हा ठरला.

आता वरच्या मजल्याकडे पाहू. २०१४ मध्ये युएफाने मँचेस्टर सिटी आणि कतारच्या मालकीच्या पॅरिस सेंट जर्मेनला प्रत्येकी ६ कोटी युरोंचा दंड केला, त्यातले ४ कोटी स्थगित ठेवले. तीन वर्षांनी पॅरिसने नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. २०१८ मध्ये सिटीची अंतर्गत कागदपत्रं एका जर्मन साप्ताहिकात छापून आली. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने सिटीवर दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड घातला. त्याच वर्षी जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि दंड १ कोटीवर आणला. काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काहींची मुदत संपली होती. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर ११५ आरोप ठेवले, ते २००९ पासूनच्या हंगामांचे. सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडलं.

सिटीने सगळे आरोप नाकारले आहेत आणि आरोप म्हणजे दोष नव्हे, हे तत्त्व आपल्या देशातल्या मुसलमानाला तरी समजावून सांगायला नको. माझा मुद्दा निकालाचा नाही, घड्याळाचा आहे. ज्याचा गुन्हा साधा, ज्याने कागद दिले आणि ज्याच्याकडे वकिलांची फौज नाही, त्याचा फैसला काही महिन्यांत. ज्याचा मामला गुंतागुंतीचा आणि खिसा खोल, त्याचा फैसला वर्षानुवर्षं लांबतो. दरम्यान करंडक उचलले जातात, खेळाडू निवृत्त होतात, आणि ज्या संघाचा दुसरा क्रमांक आला त्याला तो पहिला होता की नाही हे कधीच कळत नाही. सिटी निर्दोष असेल तर त्यांच्यावरही हा अन्यायच, कारण त्यांच्या खऱ्या कर्तृत्वावर संशयाची सावली पडून राहते.

चेल्सीची गोष्ट तर हिशेबतपासनिसांना शिकवावी अशी. अब्रामोविच गेल्यावर २०२२ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार आले. त्यांनी खेळाडूंशी आठ-आठ वर्षांचे करार केले, कारण खरेदीची किंमत कराराच्या वर्षांत विभागून दाखवता येते. वर्षं जास्त, तर दरवर्षीचा बोजा कमी. युएफा आणि लीगने मग पाच वर्षांची मर्यादा घातली. पुढे क्लबने मैदानाजवळची दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना आपल्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीला विकली. नंतर महिला संघही आपल्याच मूळ कंपनीला विकला. उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात ठेवलं आणि मधल्या वाटेवर नफा नोंदवला. प्रीमियर लीगच्या नियमांत हे चाललं. युएफाने हा नफा धरला नाही आणि २०२५ मध्ये दंड केला.

या नियमांचा सर्वात वाईट परिणाम मला शिक्षक म्हणून टोचतो. विकत घेतलेला खेळाडू विकला तर त्याच्या खरेदीची उरलेली किंमत वजा होते. क्लबने लहानपणापासून घडवलेला पोरगा विकला तर त्याची खरेदी किंमत शून्य, म्हणून आलेली सगळी रक्कम नफा. म्हणजे हिशेबाच्या वहीत सर्वात फायद्याचा सौदा कोणता, तर आपल्याच मातीतला मुलगा विकणं. न्यूकॅसलने २०२४च्या जूनअखेरीस एलियट अँडरसनला फॉरेस्टला विकलं. हा त्याच भागातला, पोरवयापासून त्याच क्लबात वाढलेला मुलगा. चेल्सीने मेसन माउंट आणि कॉनर गॅलेगर विकले. ज्या नियमाने क्लबची मुळं जपायची, तोच नियम मुळं उपटून विकायला लावतो.

शेख, गोरे आणि आपण

आता त्या दुसऱ्या गटाकडे, म्हणजे ‘आपले लोक’ म्हणणाऱ्यांकडे येतो. हा प्रश्न टाळला तर लेख अर्धवट राहील.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने न्यूकॅसल युनायटेड ३० कोटी ५० लाख पौंडांना घेतला. चाहत्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळून, अरबी वेश करून जल्लोष केला. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा देशांतर्गत पहिला मोठा करंडक. त्या शहराचा आनंद खरा होता, त्यात मला काही खोट दिसत नाही. आपल्याकडेही अनेकांनी तो आपला विजय मानला.

टीकेत दुटप्पीपणा आहे, हे उघड आहे. आर्सेनलचं मैदान २००६ पासून दुबईच्या विमान कंपनीच्या नावाने ओळखलं जातं. रियल माद्रिदच्या छातीवर त्याच कंपनीचं नाव आहे. आखाताचा पैसा जाहिरातदार म्हणून आला तर तो स्वच्छ, मालक म्हणून आला की अचानक मूल्यांची आठवण होते. ज्या सरकारांनी या देशांना शस्त्रं विकली त्यांच्या वृत्तपत्रांनी फुटबॉल मलिन झाल्याचं दुःख करावं, यात मौज आहे. ‘तेलाचा पैसा’ असं नाक मुरडून म्हणताना कधी कधी पैशापेक्षा माणसाच्या नावाचा वास येत असतो, हेही आपण ओळखतो.

पण म्हणून मालकाच्या नावापुढे शेख आहे एवढ्यावर त्याचा झेंडा आपण का धरायचा? २००९ मध्ये पोर्ट्समथ घेणारा उद्योजकही संयुक्त अरब अमिरातीचाच होता. सिटीच्या सौद्यावेळी आदल्या वर्षी हाच माणूस कॅमेऱ्यासमोर होता. काही आठवड्यांत त्याने क्लब पुढच्याच्या हाती दिला. चाहत्यांना त्याच्या धर्माचा ना फायदा झाला ना तोटा, त्यांना तोटा झाला तो रिकाम्या तिजोरीचा.

आणि आखात म्हणजे काय हे आपल्याला वर्तमानपत्रातून कळत नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्यात असं मोहल्ल्याचं गाव शोधावं लागेल, जिथल्या घरातला एक तरी माणूस दुबई, दोहा किंवा दम्मामला राहिला नाही. त्या पैशाने आपली घरं उभी राहिली, मुली शिकल्या. हे ऋण मोठं आहे. पण मालकाकडे पासपोर्ट ठेवून घेतलेली, कफीलच्या मर्जीवाचून नोकरी बदलता न येणारी माणसंही त्याच घरांतली आहेत. २०२२च्या विश्वचषकाआधी कतारमधल्या मजुरांच्या हालांची चर्चा झाली, तेव्हा काहींना ती मुसलमान देशाची बदनामी वाटली. ते मजूर भारत, नेपाळ, बांगलादेशचे होते. त्यांच्यात किती मुसलमान होते हे मोजायची आपल्याला गरजच वाटली नाही. मालक आपला आणि मजूर परका, असं नातं आपण कधीपासून लावायला लागलो?

या मालकीची एक झुळूक मुंबईलाही लागून गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये संघाने इंडियन सुपर लीगचे दोन्ही मान मिळवले. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मग भारतीय लीगच्या व्यावसायिक हक्कांचा घोळ झाला, हंगाम लांबला आणि डिसेंबर २०२५ मध्ये समूहाने आपला हिस्सा सोडला. त्यांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. गुंतवणूकदार आकडे पाहून येतो आणि आकडे पाहूनच जातो. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा राष्ट्रीय विजेता संघ त्याच्या कंपनीने बंद केलाच होता. मालक देशी असो की परदेशी, तो जाऊ शकतो. प्रेक्षक जाऊ शकत नाही.

मग न्याय्य नियम कसा असेल?

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो की ‘इन्साफ’ हा शब्द ‘निस्फ’च्या कुळातला आहे आणि निस्फ म्हणजे अर्धा. शब्दाच्या पोटातच वाटणी आहे. दोघांच्या मध्ये उभं राहून सारखे भाग करणं, ही त्यामागची कल्पना. फुटबॉलच्या आर्थिक नियमांत शिस्त आहे, हिशेब आहे, दंड आहे. वाटणी तेवढी नाही.

वाटणी अशक्य आहे असं नाही. प्रीमियर लीगचा स्वतःचा टीव्हीचा पैसा त्यातल्या त्यात बऱ्यापैकी वाटला जातो. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या संघाच्या वाट्यात दुपटीपेक्षा कमी फरक असतो. म्हणूनच तिथे छोटा संघ मोठ्याला कधीतरी गाठतो. याच तत्त्वावर एक प्रस्ताव लीगसमोर आला होता: सर्वात कमी वाटा मिळणाऱ्या क्लबच्या त्या रकमेच्या पाच पटीपेक्षा जास्त खर्च कुणीच संघावर करायचा नाही. म्हणजे मर्यादा स्वतःच्या उत्पन्नावरून नाही, तळाच्या भावावरून ठरणार. एप्रिल २०२४ मध्ये बहुतेक क्लबांनी या कल्पनेवर पुढे काम करायला संमती दिली. बातम्यांनुसार विरोधात मत देणाऱ्यांत मँचेस्टर युनायटेडही होतं आणि मँचेस्टर सिटीही. खेळाडूंची संघटनाही विरोधात उभी राहिली. कमाईवर छत नको, ही तिची हरकत समजण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी प्रस्ताव फेटाळला आणि त्याऐवजी २०२६-२७ पासून उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्चाची मर्यादा स्वीकारली. म्हणजे पुन्हा ज्याचं त्याचं अंथरूण.

जुना श्रीमंत आणि नवा श्रीमंत एरवी न्यायालयात भांडतात. बरोबरीचा प्रश्न आला की एका बाकावर बसतात. मला वाटतं, या सगळ्या वादाचं सार या एका मतदानात आहे.

मालकाला खर्च करायला पूर्ण मोकळीक द्या, असंही मी म्हणणार नाही. एका नेमारच्या किमतीने सगळ्या बाजाराचे भाव चढतात आणि त्या चढलेल्या भावात तग धरायला गेलेला छोटा क्लब बुडतो. पण मालकाला विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘तुझा क्लब कमावतो किती?’ याऐवजी ‘तू उद्या गेलास तर क्लब जगेल का?’ हे विचारा. खेळाडूंशी जितक्या वर्षांचे करार केलेस, तितक्या वर्षांच्या पगाराची हमी आजच बँकेत ठेव. पैसा कर्ज म्हणून नको, भांडवल म्हणून घाल. क्लबचं मैदान गहाण टाकायचं नाही. हा प्रश्न शेखालाही विचारा, अमेरिकी फंडालाही आणि एका पौंडात क्लब घेणाऱ्यालाही. एवढं असतं तर बरी वाचला असता.

चाहत्यांची मालकी हाही उपाय सुचवला जातो. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मतं राहिली पाहिजेत असा नियम आहे. तिथे क्लब सहसा रातोरात विकला जात नाही, हा मोठा गुण. पण त्याच जर्मनीत बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली. बार्सिलोनाही सभासदांचाच क्लब. तरी तो इतक्या कर्जात गेला की स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेमुळे २०२१ मध्ये त्याला मेस्सी ठेवता आला नाही. मेस्सी गेला कुठे? कतारच्या पॅरिसला. मालकी लोकांची असली तरी वाटणीचा प्रश्न उरतोच.

इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना परवाना, मालकांची कडक तपासणी, क्लबचे रंग, चिन्ह आणि मैदान यांबाबत चाहत्यांचं मत, आणि प्रीमियर लीग व खालच्या लीगमध्ये पैशाच्या वाटणीवर एकमत न झाल्यास हस्तक्षेपाचा अधिकार, अशा तरतुदी त्यात आहेत. शेवटची तरतूद सर्वात महत्त्वाची आणि श्रीमंत क्लबांना सर्वात नकोशी. नियामक ती वापरतो की कपाटात ठेवतो, यावरून त्याची परीक्षा व्हावी.

बरीचे लोक मात्र नियामकाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी आपलं जुनं मैदान परत मिळवलं आणि २०२३ पासून नवव्या श्रेणीतून, अगदी तळातून, क्लबच्या नावाने पुन्हा खेळायला सुरुवात केली. माझ्या विद्यार्थ्यांनी जर्सी खुशाल सिटीची घालावी, न्यूकॅसलची घालावी, आवडत्या खेळाडूवर जीव टाकावा. फक्त कुणाचे गुण कापले, कुणाला मुदत मिळाली आणि वाटणीचा ठराव आला तेव्हा कुणी हात खाली ठेवला, हेही पाहायला शिकावं. ही नजर एकदा आली की ती फुटबॉलपुरती राहत नाही.